अ गेम ऑफ थ्रोन्स बोर्ड गेम, सेकंड एडिशन: खेळ एक नंबर, पण मार्च आणि लढाईचे नियम आधी पक्के करा मगच बसा

हा गेम घेऊ का नको असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर सरळ आहे, पाच-सहा जण नक्की जमणार असतील तर डोळे झाकून घ्या आणि दोघा-तिघांतच खेळायचा असेल तर दुसरं काहीतरी बघा. पण घेतल्यावर पहिल्या डावात जी भांडणं होतात ना, ती गेममधल्या दगाफटक्यावरून कमी आणि "अरे असं जाताच येत नाही तिकडे" यावरून जास्त होतात, म्हणून हा रिव्ह्यू बॉक्स-बोर्ड-मिनिएचर यांच्याबद्दल फार नाहीये, चाली आणि लढाई यांच्याबद्दलच आहे.

थोडक्यात ओळख. क्रिश्चन पीटरसन यांनी डिझाइन केलेला गेम, पहिली आवृत्ती २००३ ची आणि आता सगळीकडे मिळते ती २०११ ची दुसरी आवृत्ती. प्रत्येकाने लॅनिस्टर, ग्रेजॉय असं एकेक घराणं घ्यायचं आणि पटावरचे किल्ले जिंकायचे. ३ ते ६ खेळाडू, जास्तीत जास्त १० राउंड, ज्याच्याकडे ७ किल्ले झाले तो तिथल्या तिथे जिंकला, नाहीतर दहाव्या राउंडच्या शेवटी ज्याच्याकडे जास्त किल्ले तो. दोन तासांत संपतो असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या, सहा जण असले की चार तास कुठेच गेले नाहीत. सिरीयल बघितली नसली तरी काही अडत नाही.

यात फासे नाहीत. मूळ गेममध्ये लढाईला नशिबाचा भाग जवळजवळ शून्य आहे (टाइड्स ऑफ बॅटल नावाची पत्त्यांची गड्डी आहे ती ऐच्छिक, आम्ही ती बॉक्समधून काढतच नाही). सगळे जण आपापल्या ऑर्डर उपड्या ठेवतात, एकदम उलटतात, आणि मग जे व्हायचं ते होतं. पण याचाच दुसरा अर्थ असा की चालीचा एक नियम चुकीचा धरला तर ते फाशाने भरून निघत नाही, एका पॉइंटच्या फरकाने आख्खं राज्य जातं आणि ज्याचं गेलं तो पुस्तक मागतो. पुस्तकात सगळं आहे, नाही असं नाही, पण एका गोष्टीचा नियम एका पानावर, त्याचा अपवाद चार पानं पुढे आणि बंदरातल्या जहाजांचं तिसरीकडेच. पहिल्यांदा वाचताना सगळं कळल्यासारखं वाटतं आणि डाव सुरू झाला की काहीच सापडत नाही.

ऑर्डरपासून सुरू करू. प्रत्येकाकडे १५ टोकन, पाच प्रकार, प्रत्येकी तीन: मार्च (सैन्य हलवायचं), डिफेन्स (बचाव), सपोर्ट (शेजारच्या लढाईत साथ), रेड (शेजाऱ्याची ऑर्डर काढून टाकायची) आणि पॉवर गोळा करायची. तिनातलं एक चांदणीवालं, ते वापरायला किंग्ज कोर्टच्या ट्रॅकवर वर असावं लागतं (पटावर घराण्यांच्या तीन क्रमवाऱ्या म्हणजे ट्रॅक असतात, बाकीचे दोन आयर्न थ्रोन आणि फिफडम्स). म्हणजे मार्च तीनच, −१, ० आणि चांदणीवालं +१. हे नीट लक्षात ठेवा, खाली उदाहरणात याचा उपयोग आहे. आणि ऑर्डर ज्या भागात तुमचं युनिट प्लॅनिंगच्या वेळी उभं आहे तिथेच लागते, त्या भागातल्या सगळ्यांना मिळून एकच. चालून नवीन ठिकाणी गेलेल्या युनिटला त्या राउंडमध्ये ऑर्डर नसते. नवीन लोक हे विसरतात आणि मग "माझं जहाज तिथे आहे ना, मग सपोर्ट का नाही" म्हणून बसतात. अरे ते आत्ता आलंय, सपोर्ट पुढच्या राउंडला.

मग आधी सगळ्यांच्या रेड होतात, मग मार्च, मग पॉवर. तेही आयर्न थ्रोनच्या क्रमाने, एकाने एक, मग दुसऱ्याने एक, असं फिरत. एकाने आपले सगळे मार्च सलग करायचे नाहीत. हे फिरणं खूप महत्त्वाचं आहे कारण तुमचा दुसरा मार्च यायच्या आत शेजारी तुमच्या घरात असू शकतो.

आता मार्च. मार्च असलेल्या भागातली युनिटं शेजारच्या भागात जातात, सगळी एकीकडे किंवा फुटून वेगवेगळ्या भागांत, काही मागे राहिली तरी चालतं, आणि कोणालाच हलवायचं नसेल तर टोकन नुसतं काढून ठेवता येतं. पायदळ-घोडेस्वार जमिनीवर, जहाजं पाण्यात किंवा स्वतःच्या बंदरात, जहाज जमिनीवर कधीच नाही. एका मार्चमध्ये लढाई एकच. तीन युनिटं आहेत म्हणून तीन दिशांना तीन हल्ले, असलं काही नाही. दोन रिकाम्या भागांत जा, तिसऱ्या भागात लढा, चालेल, पण आधी रिकाम्या भागांतल्या चाली पूर्ण करायच्या आणि लढाई शेवटी. लढाई हरलो की मग बाकीच्यांना कुठे पाठवायचं ते बघू, हा हुशारपणा इथे चालत नाही.

जहाजांचा पूल हा या गेमचा सगळ्यात सुंदर नियम आणि सगळ्यात जास्त राडा याच्यावरूनच. तुमची जहाजं लागोपाठच्या समुद्रांत उभी असतील तर एका किनाऱ्यावरचं सैन्य थेट दुसऱ्या किनाऱ्यावर उतरतं, समुद्र कितीही असोत, साखळी तुटता कामा नये. जहाजांवर कुठली ऑर्डर आहे याने फरक पडत नाही, जहाज हलतही नाही, आणि एकाच पुलावरून एका राउंडमध्ये कितीही वेळा सैन्य नेता येतं. पण जहाजं स्वतःचीच लागतात, मित्राची उसनी चालत नाहीत, मग तो मित्र कितीही जवळचा असो. आणि बंदरातलं जहाज पुलात धरत नाहीत. पूल फक्त चालायला आणि माघारीला आहे, पुलापलीकडच्या भागाला सपोर्ट देता येत नाही की तिथे रेड मारता येत नाही, त्यासाठी खरोखरचं शेजारपण लागतं. हे एक वाक्य कागदावर लिहून टेबलावर ठेवलं तर निम्मी भांडणं मिटतात.

उदाहरण घेऊ, सहा खेळाडूंचा डाव. ग्रेजॉयवाल्याला पहिल्याच राउंडला लॅनिसपोर्ट, म्हणजे लॅनिस्टरचं घर पाहिजे असतं, प्रत्येक ग्रेजॉयवाल्याला पाहिजे असतं. त्याच्याकडे पाइकमध्ये, म्हणजे स्वतःच्या घरी, एक पायदळ एक घोडेस्वार, पाइकच्या बंदरात एक जहाज आणि बाहेर आयर्नमॅन्स बे या समुद्रात एक. समोर लॅनिसपोर्टलगतच्या गोल्डन साउंड या समुद्रात लॅनिस्टरचं एक जहाज. पाइकचं सैन्य लॅनिसपोर्टला उतरवायचं तर आयर्नमॅन्स बे आणि गोल्डन साउंड दोन्हीकडे त्याचं जहाज पाहिजे. म्हणजे बेमधल्या जहाजाने गोल्डन साउंड मारायचं, हा एक मार्च. बे रिकामा झाला, म्हणून बंदरातलं जहाज बाहेर बेमध्ये आणायचं, हा दुसरा, कारण बंदराची ऑर्डर वेगळी असते. आणि मग पाइकच्या सैन्याचा तिसरा. पण ग्रेजॉय सुरुवातीला किंग्ज कोर्टवर सगळ्यात खाली, त्याला चांदणी एकही नाही, म्हणजे तिसरा मार्चच नाही! पहिल्या राउंडला ही चाल बसतच नाही. टेबलावर कोणी केलीच तर त्याचे मार्च मोजा, कुठेतरी घोळ सापडेल.

दुसऱ्या राउंडला मात्र बसते. समजा गोल्डन साउंड ग्रेजॉयने मारलं, तिथल्या जहाजावर आता साधा सपोर्ट ठेवला, पाइकवर शून्याचा मार्च. सैन्य उतरलं. पायदळाचा १, घोडेस्वाराचे २, मार्चचा ०, जहाजाच्या सपोर्टचा १, झाले ४. जहाज जमिनीवरच्या लढाईला सपोर्ट देऊ शकतं, जमिनीवरचं सैन्य समुद्रातल्या लढाईला नाही, हे उलटं कधीच होत नाही. लॅनिसपोर्टमध्ये समजा पायदळ एक, घोडेस्वार एक, म्हणजे ३, घरच्या गॅरिसनचे (शिबंदीचे) २, डिफेन्सची साधी ऑर्डर +१, झाले ६. लॅनिस्टरवाला निवांत. आता पत्ते. प्रत्येक घराण्याचे त्यातल्या माणसांचे सात पत्ते असतात, दोघांनी आपापल्या पत्त्यांतला एक उपडा ठेवून एकदम उघडायचा. लॅनिस्टरने सगळ्यात मोठा टायविन काढला, ४. ग्रेजॉयने बेलॉन काढला, २, आणि बेलॉनचं कामच हे की समोरच्या पत्त्यावर छापलेली ताकद शून्य. टायविनचा पोपट. आता ग्रेजॉय ४ अधिक २ म्हणजे ६, लॅनिस्टर ६ अधिक ० म्हणजे ६. बरोबरी. आणि बरोबरीत फिफडम्सच्या ट्रॅकवर जो वर तो जिंकतो, तिथे ग्रेजॉय सुरुवातीपासून पहिला. संपलं, लॅनिसपोर्ट गेलं. फिफडम्सवर पहिला असतो त्याला मिळणाऱ्या व्हॅलिरियन स्टील ब्लेडचा +१ तर त्याने वापरलाही नाही, तो राउंडमध्ये एकदाच मिळतो आणि पत्ते उघडल्यानंतर ठरवायचा असतो, त्यामुळे तो या राउंडच्या दुसऱ्या लढाईसाठी शिल्लक राहिला. लॅनिस्टरवाल्याने इथे टिरियन काढला असता तर बेलॉन परत हातात जाऊन ग्रेजॉयला दुसरा पत्ता काढावा लागला असता, पण हे सगळं मागाहून सुचतं.

असं एका पॉइंटवरचं राजकारण मला दुसऱ्या कुठल्या गेममध्ये इतकं साफ दिसलेलं नाही. काय झालं, का झालं, कुठे अडवता आलं असतं, सगळं पटावर समोर. फाशाला शिव्या देऊन मोकळं व्हायची सोय नाही.

पुढचा गोंधळ नुकसानीचा. जिंकणाऱ्याचं एकही युनिट मरत नाही, कधीच नाही, अगदी एका पॉइंटने जिंकला तरी नाही (एखाद्या पत्त्यावर वेगळं लिहिलं असेल तर ते सोडा). हरणाऱ्याचंही आपोआप काही मरत नाही. जिंकणाऱ्याच्या पत्त्यावर तलवारी किती आणि हरणाऱ्याच्या पत्त्यावर बुरूज किती, त्यांची वजाबाकी, तेवढी युनिटं हरणाऱ्याने स्वतः निवडून काढायची, पायदळ असो की घोडेस्वार प्रत्येकाची किंमत इथे एकच. लॅनिस्टरचा ग्रेगर म्हणजे ताकद ३ आणि तलवारी पण ३, तो जिंकला आणि समोर बुरूज नसेल तर तीन युनिटं साफ. उलट हाउंड ताकदीला नुसता २, पण त्याच्यावर दोन बुरूज, हरणार हे दिसतच असेल तेव्हा तो काढायचा आणि सैन्य वाचवायचं. नवीन लोक नेहमी मोठा आकडा काढतात, जुने लोक आधी विचारतात की ही लढाई जिंकायची आहे का हरायची आहे. वरच्या उदाहरणात बेलॉनवर तलवारच नाही, त्यामुळे लॅनिस्टरची दोन्ही युनिटं जिवंत.

जिवंत आहेत पण जाणार कुठे? माघारीचे नियम म्हणजे खरी गोची. हल्ला करणारा हरला तर तो जिथून आला तिथेच परत, चॉइस नाही. बचाव करणारा हरला तर शेजारच्या अशा भागात जिथे शत्रूचं युनिट नाही आणि शत्रूचं पॉवर टोकनही (भागावरच्या मालकीची खूण) नाही, आणि हल्ला जिथून आला तो भाग तर नाहीच नाही. सगळी एकत्र एकाच भागात, फुटून नाही. जहाजांच्या पुलावरूनही पळता येतं, हे बरेच जण वापरतच नाहीत. आणि वरून सप्लाय, म्हणजे किती सैन्य ठेवता येतं त्याची मर्यादा, सांभाळायचा. दोन किंवा जास्त युनिटं एका भागात म्हणजे एक सैन्य, एकटं युनिट सैन्यात मोजत नाहीत. सप्लाय २ असेल तर तीनचं एक आणि दोनची दोन सैन्यं, एवढंच. लॅनिस्टरची दोन युनिटं स्टोनी सेप्टला गेली, तिथे आधीच एक पायदळ होतं, झालं तीनचं सैन्य, बसतं. पण तीनचं सैन्य दुसरीकडे आधीच उभं असतं तर? तर मर्यादेत बसेपर्यंत युनिटं काढावी लागली असती. आणि कुठेच जागा नसेल तर सगळी बाद. त्यामुळे मुरलेला खेळाडू हल्ला करायच्या आधी समोरच्याला पळायची वाट आहे का तेच बघतो, तलवारी नंतर मोजतो.

पळालेली युनिटं आडवी ठेवायची. आडवं युनिट त्या राउंडमध्ये हलत नाही, त्याची ताकद शून्य, आणि पुन्हा हल्ला होऊन पुन्हा पळायची वेळ आली तर सरळ मरतं. सप्लायमध्ये मात्र मोजलं जातं. राउंड संपला की उभं करायचं. सीज इंजिन तर माघार घेतच नाही, हरलं की गेलं. सीज इंजिनची ताकद ४ आहे म्हणून लोक हुरळून ते बचावाला ठेवतात आणि तोंडघशी पडतात, ते ४ फक्त किल्ला असलेल्या भागावर हल्ला करताना किंवा तसल्या हल्ल्याला सपोर्ट देताना, बाकी वेळी शून्य. बॉक्समधला सगळ्यात जास्त गैरसमजाचा प्लास्टिकचा तुकडा हाच.

सपोर्टबद्दल अजून थोडं, कारण गेमचा सगळा मसाला त्यात आहे. लढाई दोघांची, पण शेजारी सपोर्ट ऑर्डर घेऊन बसलेला तिसरा माणूस कोणालाही साथ देऊ शकतो किंवा कोणालाच नाही, आणि हे तो लढाई सुरू झाल्यावर ठरवतो. म्हणजे आधी "मी आहे ना" म्हणायचं आणि वेळ आली की समोरच्याच्या पारड्यात वजन टाकायचं, हे नियमात बसतं. शब्द पाळायचं बंधन या गेममध्ये कुठेच नाही. सपोर्ट दिल्यावर टोकन जात नाही, त्याच राउंडमध्ये पुढच्या लढाईलाही चालतं. द्यायचं तर त्या भागातल्या सगळ्या युनिटांचं, अर्धमुर्धं नाही. आणि सपोर्ट देणाऱ्याची बाजू हरली तरी त्याला ओरखडाही येत नाही, ना मरण ना माघार. इतक्या फायद्याच्या ऑर्डरवर उपाय म्हणजे रेड, मार्चच्या आधी येऊन शेजारचा सपोर्ट काढून टाकते. जहाज जमिनीवर आणि पाण्यात दोन्हीकडे रेड मारतं, जमिनीवरचं सैन्य मात्र समुद्रावर नाही. साधी रेड डिफेन्सला हात लावू शकत नाही, त्याला चांदणीवाली लागते. मार्चला तर कुठलीच रेड काढू शकत नाही, त्यामुळे "त्याचा मार्च रेड करू" असली योजना कोणी मांडली तर तिथेच थांबवा.

राहिलेली फुटकळ भांडणं पटकन. डिफेन्सची ऑर्डर एका हल्ल्यानंतर संपत नाही, टिकून राहिलात तर त्या राउंडच्या पुढच्या हल्ल्यालाही लागू. घर रिकामं असलं तरी गॅरिसन असेल तर तिथे रीतसर लढाई होते, पत्ते वगैरे सगळं, आणि हरलात की गॅरिसन कायमचं गेलं. भाग सोडताना पॉवर टोकन ठेवलं तर भाग तुमचाच राहतो पण ते टोकन लढत नाही, कोणीही चालत येऊन उचलतं. बंदरातली जहाजं त्या बंदराच्या जमिनीच्या बचावाला मोजत नाहीत, आणि जमीन पडली की बंदरातली जहाजं जिंकणाऱ्याची होतात, त्याच्याकडे शिल्लक जहाजं असतील तर, नाहीतर नष्ट. वरच्या उदाहरणात लॅनिस्टरचं गोल्डन साउंडमधलं जहाज पळून बंदरात बसलं असेल तर तेही गेलं, जखमेवर मीठ. पत्ते सातही वापरून झाले की शेवटचा सोडून बाकीचे सहा परत हातात, त्यामुळे समोरच्याने काय काय वापरलंय ते बघत राहा, टाकलेले पत्ते सगळ्यांना उघड असतात.

आता खटकणाऱ्या गोष्टी. एक तर पुस्तकाची मांडणी, ते सांगितलंच. दुसरं, सुरुवातीच्या जागा सारख्या नाहीत, लॅनिस्टरवाल्याला ग्रेजॉयशी पहिल्या राउंडच्या आधीच बोलून काहीतरी ठरवावं लागतं नाहीतर त्याचा डाव लवकर आटोपतो, म्हणून लॅनिस्टर नवीन माणसाला देऊ नका, हा अगदी कळकळीचा सल्ला. तिसरं, कोपऱ्यात एक-दोन भागांवर अडकलेला माणूस शेवटचे दोन तास नुसता बघत बसतो, खेळातून बाहेर पडत नाही पण हातात काही उरतही नाही. चौथं म्हणजे कमी खेळाडू. तिघांत स्टार्क, लॅनिस्टर, बॅरेथिऑन एवढीच घराणी आणि बाकी पटावर तटस्थ टोकनं, त्यात दोघं मिळून तिसऱ्याला धुतात आणि विषय संपतो. चौघांत बरा, पाचात चांगला, सहात खरा गेम.

नियम शिकायचे असतील तर २०२० ला आलेलं डिजिटल व्हर्जन बघायला हरकत नाही, त्यात बेकायदा चाल करताच येत नाही, त्यामुळे पूल कुठवर जातो आणि माघार कुठे घेता येते हे दोन डावांत डोळ्यांना कळतं. टेबलावरची मजा त्यात नाही, समोरच्याचं तोंड दिसत नाही ना. आणि ज्यांच्याकडे गेम आधीपासून आहे आणि सहा जण कधीच जमत नाहीत त्यांनी २०१८ चं मदर ऑफ ड्रॅगन्स एक्स्पान्शन बघा, त्यात अॅरिन आणि टार्गेरियन ही दोन घराणी वाढतात, आठ जणांपर्यंत खेळता येतं, पण खरा फायदा व्हॅसलच्या नियमाचा, ज्या घराण्याला खेळाडू नाही ते बाकीच्यांनी आळीपाळीने चालवायचं, म्हणजे चौघांतही पट भरलेला राहतो. फक्त मूळ गेमचे मार्च-सपोर्ट-माघार हातात बसल्याशिवाय ते उघडू नका, समुद्रापलीकडचा नवा बोर्ड आणि ड्रॅगन आले की पहिल्याच राउंडला निम्मे लोक फोन काढून बसतील.